पनेरुसची सहावी पट्टी

सहाव्या पट्टीच्या बरोबर खाली, लाकडी खोक्याच्या तळाशी, चिमूटभर पिवळी पूड पडली होती. वेनिंगने वाकून हलकी फुंकर घातली. पूड उडाली नाही, जागच्या जागी जराशी सरकली. म्हणजे वाळवीचा भुसा नव्हे. भुसा एव्हाना हवेत गेला असता. तिने ती बोटाच्या टोकावर घेऊन उजेडाकडे धरली. कणाकणाला चकाकी होती आणि अंगठ्याने चोळल्यावर ती बारीक टोचत होती. काशाचा कीस. जुनं कासं काळवंडतं. हा कीस मात्र हळदीसारखा पिवळा होता.

तिने पट्टी खिळ्यांवरून अलगद उचलून उलटी केली. बाकी सगळी पट्टी तपकिरी, पण पोटाशी मधोमध नखाएवढी जागा लख्ख उजळली होती. कुणीतरी कानस चालवली होती, आणि ती कुठे चालवायची हे त्याला ठाऊक होतं. पट्टीचं पोट मधोमध घासलं की सूर उतरतो, टोकांना घासलं की चढतो.

"काय गं, सापडलं का काही?" पलीकडून बुलिक सार्मीने विचारलं. ही वेनिंगच्या वडिलांची धाकटी बहीण.

"झुरळ," वेनिंग म्हणाली आणि पट्टी परत बसवली.

"बघ, या घरात झुरळालासुद्धा संगीत कळतं. फक्त माझ्या लेकाला कळत नाही."

लेक म्हणजे सेत्यो. तो ढोलापाशी बसून मोबाइल बघत होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याचे कान हलल्यासारखे वेनिंगला वाटले. मग तिला वाटलं, आज सगळ्यांचंच काही ना काही हलल्यासारखं दिसणार आहे.

पनेरुस हे गामेलानमधलं, म्हणजे जावाच्या काशाच्या वाद्यवृंदातलं, सगळ्यात धाकटं वाद्य. पाळण्याएवढं खोकं, त्यावर काशाच्या सात पट्ट्या, वाजवायला म्हशीच्या शिंगाची हातोडी. वाजवणारे पाक जुमिंगान वयाने मात्र सगळ्यांत थोरले, आणि त्यावरून त्यांची रोज चेष्टा व्हायची. पनेरुसचाच थोरला भाऊ सारोन, त्याच्याहून एक सप्तक खाली. दोघे एकच चाल वाजवतात, पण पनेरुस प्रत्येक सूर दोनदा म्हणतो, थोरल्याने सांगितलेलं धाकट्याने घोकावं तसा.

वेनिंग कालपासून या सगळ्याचं ध्वनिमुद्रण करत होती. क्लातेनमधल्या तिच्या छोट्या स्टुडिओतला मिक्सर तिने पिकअपमध्ये घालून इथे वडिलांच्या घरी आणला होता आणि पेंडोपोच्या कडेच्या खोलीत मांडला होता. पेंडोपो म्हणजे घरापुढचा खांबांवरचा उघडा मंडप. तिथे प्रत्येक वाद्यापुढे एक माइक होता, प्रत्येक माइकची वायर खिडकीतून आत येऊन मिक्सरच्या आपापल्या चॅनेलला जोडलेली होती, आणि प्रत्येक चॅनेलचा आवाज स्वतंत्र पट्ट्यावर साठत होता. चॅनेलखाली तिने पांढरी चिकटपट्टी लावून वाद्यांची नावं लिहिली होती. असं केलं की नंतर एकेका वाद्याचा आवाज कमीजास्त करता येतो, किंवा बाकीचे बंद करून एकटं वाद्य ऐकता येतं.

वायरी टाकतानाच पहिला तंटा झाला होता. गामेलानच्या वाद्यांना कुणी ओलांडत नाही, मोठ्या गाँगला तर नाहीच. पण गाँगच्या माइकची वायर ओलांडावी की नाही? सेत्यो म्हणाला, वायर म्हणजे वायर. बुलिक सार्मी म्हणाली, "उद्या तू म्हणशील, वाघाचं शेपूट म्हणजे शेपूट. आवाज त्यातूनच वाहतो ना? मग तो गाँगच." शेवटी सगळे लोक त्या वायरीला वळसा घालून जाऊ लागले. फक्त सेत्यो, आई बघत नसली की, टुणकन उडी मारून जायचा.

या वाद्यसंचाला नाव होतं, जसं वडीलधाऱ्याला असतं: क्याई रिरिस. त्याचे सूर लावले होते वेनिंगच्या आजोबांनी, म्बाह रेसोंनी. कुठल्याही दोन गामेलानचे सूर सारखे नसतात; ज्याने लावले त्याचा कान त्यात उतरलेला असतो. म्बाह रेसो जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची कानस वेनिंगच्या वडिलांकडे, पाक लगिमानकडे आली होती, पण त्यांनी ती कधी चालवली नव्हती. गावात म्हणत, "रेसोकडे कान होता, लगिमानकडे कानस आहे." हे त्यांच्या तोंडावरही म्हणत, आणि ते हसत.

सेत्यो ढोल वाजवायचा, पण त्याचं पोट चालायचं की-बोर्डवर. लग्नाकार्यात आता लोकांना गामेलान आणि की-बोर्ड एकत्र लागतं, आणि क्याई रिरिस की-बोर्डशी जुळत नाही. जुळवायचा तर पट्टी न् पट्टी कानशीने घासावी लागणार, आणि म्बाह रेसोंचे सूर कायमचे जाणार. सेत्यो हे घासा म्हणून मागे लागला होता. बुलिक एक दिवस हो म्हणायची, एक दिवस नाही. आणि ज्यांनी ठरवायचं ते बापाक, म्हणजे वेनिंगचे वडील, उत्तर पुढे ढकलत राहिले होते. भात निघू दे. ईद होऊ दे. सुरोचा महिना आहे, त्यात वाद्यांना हात लावत नाहीत. वेनिंग म्हणाली की ठरवायच्या आधी निदान आहे तसं मुद्रण तरी करून ठेवू, तेव्हा बापाकनी लगेच होकार दिला. अजून थोडे दिवस ढकलायला कारण मिळालं होतं.

आता त्या मुद्रणाच्या मधोमध कुणीतरी गुपचूप कानस चालवली होती.

तिला ते कळलं ते आधी कानाने. काल दुपारी रचनेचा पहिला भाग झाला होता, आज सकाळी दुसरा झाला. दोन्ही जोडून ऐकताना सांध्यावर काहीतरी गेलं. कालच्या भागात पनेरुस सगळ्यांच्या वर तरंगत होता. आजच्या भागात तो सारोनमध्ये बुडून गेला होता, खास करून सहाव्या सुरावर. तिने आधी संशय घेतला तो स्वतःवर आणि मग यंत्रांवर. माइक हलला असेल. तो जागेवर होता. वायर खराब असेल. तिने वायर बदलली. चॅनेल बिघडला असेल. तिने पनेरुस शेजारच्या चॅनेलला जोडून पाहिला, आणि तिथेही सहावा सूर तसाच दबलेला आला. जे बदलल्यावर दोष बदलत नाही, तिथे दोष नसतो. उरली होती फक्त पट्टी. तिने कालचा आणि आजचा सूर संगणकावर मोजला. सूर खरंच उतरला होता. फार नाही, पण उतरला होता.

तेव्हा ती उठून बाहेर आली होती, आणि तेव्हा तिला पूड सापडली होती.

पाक जुमिंगानना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाक, आज पनेरुस कसा वाटतोय?"

"मेल्यासारखा," ते म्हणाले. "तुझ्या त्या माइकने सगळा रस शोषून घेतलाय. मी कालच म्हणालो होतो, इतक्या तोंडांपुढे बसून वाजवलं की वाद्य दमतं."

"माइक शोषत नाही हो, फक्त ऐकतो."

"सासूही फक्त ऐकते," पाक जुमिंगान म्हणाले. "तरी सून वाळतेच ना?"

वेनिंग हसली आणि हसता हसता तिने सेत्योच्या पिशवीकडे बघून घेतलं. पिशवीची चेन अर्धी उघडी होती आणि आतून लाकडी मूठ डोकावत होती. कानशीची मूठ.

त्यानंतर मुद्रणात तिचं लक्ष लागेना. खिडकीतून ती सेत्योकडे पाहत राहिली. तो वाजवताना हसला की तिला वाटे, कसल्या आनंदात आहे? गप्प बसला की वाटे, घाबरला. एक पट्टी आज, एक उद्या, असं करत तो सगळा क्याई रिरिस की-बोर्डला नेऊन मिळवील आणि मग म्हणेल, आता तर झालंच आहे, बाकीच्याही घासा. बापाक काय म्हणणार? बापाक म्हणणार, भात निघू दे.

एकच गोष्ट बसत नव्हती. उतरलेला सहावा सूर तिने सेत्योच्या की-बोर्डच्या सुरांशी ताडून पाहिला होता, आणि तो त्यांतल्या कुठल्याच सुराशी जुळत नव्हता. जुळत होता तो सारोनच्या सहाव्याशी: कंपनं बरोबर त्याच्या दुप्पट, केसाचाही फरक नाही. ज्याने कुणी घासलं त्याला पनेरुस की-बोर्डशी नव्हे, त्याच्या थोरल्या भावाशी जुळवायचा होता. वेनिंगने हे पाहिलं आणि बाजूला ठेवून दिलं. तिला चोर सेत्योच हवा होता. सेत्यो चोर निघाला असता तर रागावणं सोपं होतं.

दुपारी बुलिकने जेवायला हाक मारली. मागच्या अंगणात भात, नारळाच्या रसातली भाजी आणि तळलेलं सोयाबीनचं तेम्पे मांडलं होतं. "मी आले पाच मिनिटांत," वेनिंग म्हणाली, आणि कडेच्या खोलीत जाऊन तिने खिडकीचं झापड ओढून घेतलं. माइक तिने एकही बंद केला नाही. सगळे चॅनेल चालू ठेवले, सगळे पट्टे मुद्रणावर टाकले, कानांवर हेडफोन चढवले आणि मिक्सरवरच्या दिव्यांकडे पाहत बसली. कुणाच्याही पावलाने जवळच्या माइकचा दिवा हलणार होता.

बराच वेळ दिवे शांत होते. मग पेंडोपोच्या पायरीकडच्या वाद्याचा दिवा थरथरला. अनवाणी पावलं. आता गाँगच्या वायरीपाशी सेत्यो उडी मारेल आणि थेट पनेरुसचा दिवा लागेल, असं म्हणून ती त्या दिव्यावर नजर रोखून बसली. पनेरुसचा दिवा लागला नाही. त्याच्या शेजारचा लागला, मग त्याच्या मागचा, मग थेट गाँगचा. आलेला माणूस वायरीला वळसा घालून, लांबच्या वाटेने गेला होता.

आणि गाँगच्या माइकमधून कुजबूज आली. "माफी असावी, क्याई. अजून एकदाच."

कुजबुजीला सूर नसतो. नुसत्या कुजबुजीवरून माणूस ओळखता येत नाही. हे वेनिंगला शिकवलेलं होतं, आणि त्या क्षणी तिने त्या शिकवण्याला घट्ट धरून ठेवलं. घासण्याआधी वाद्याची माफी मागणारी माणसं गावात अजून असतील. बुलिक असेल. पाक जुमिंगान असतील.

मग सारोनच्या पाचव्या पट्टीवर हलकाच ठोका पडला. मग पनेरुसच्या पाचव्या पट्टीवर. परत सारोन, परत पनेरुस. आणि मग कुणीतरी तो सूर गुणगुणला, खालच्या आवाजात, नाकातून, शेवटाला जरा ओढून.

बापाक तसे गुणगुणायचे. सकाळी कबुतराचा पिंजरा काठीवर चढवताना, सायकलला तेल घालताना. लहानपणी वेनिंगला झोप येत नसे तेव्हा भिंतीपलीकडून तोच आवाज यायचा.

पनेरुसच्या चॅनेलवर कानस एकदा ओढली गेली.

तिने हेडफोन काढले. तिला एकदम कालची संध्याकाळ आठवली आणि आठवल्यावर तिचे कान तापले. मुद्रण संपल्यावर सगळे मिक्सरभोवती गोळा झाले होते, प्रत्येकाला स्वतःला एकटं ऐकायचं होतं. गामेलानमध्ये आयुष्य गेलं तरी कुणी स्वतःला एकटं ऐकत नाही. ती एकेक सोलोचं बटण दाबत होती, हशा पिकत होता, आणि कुणीतरी म्हणालं, "लगिमानना द्या, लगिमानना द्या." तिने स्वतःच्या हातांनी बापाकच्या कानांवर हेडफोन ठेवले होते. आधी एकटा सारोन ऐकवला, मग एकटा पनेरुस. सेत्योने सूर दाखवणारा मोबाइल मामापुढे धरला होता आणि तो ओरडला होता, "लाल! पाकदे, बघा, सहावी वर गेलीय! तुमचा पनेरुस बेसूर!" सगळे हसले होते. बापाकही हसले होते. हेडफोन काढून ते इतकंच म्हणाले होते, "हं. वर आहे खरी."

पनेरुस वर असतोच. म्बाह रेसोंनी तो सारोनच्या दुप्पट न लावता जाणूनबुजून किंचित चढा ठेवला होता, म्हणून तो सगळ्यांत मिसळूनही वेगळा राहायचा. पण हे सगळ्यांसोबत ऐकलं तरच कळतं. एकट्याला ऐकलं तर ती नुसती चूक वाटते. आणि एकटं ऐकवलं होतं वेनिंगने.

मागच्या दाराने ती अंगणात गेली, तिथून घराला वळसा घालून पेंडोपोच्या दिशेने चालू लागली आणि अजून दिसायच्याही आधी मोठ्याने ओरडली, "बापाक! कुठे आहात? भात थंड होतोय!"

पलीकडून काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "आलो, नडुक," बापाक म्हणाले. लेकीला ते अशीच हाक मारत. ती कोपऱ्यावरून वळली तेव्हा ते खांबाला टेकून उभे होते आणि पिंजऱ्यातल्या कबुतराकडे पाहत होते.

"आज घुमत नाहीये," ते म्हणाले.

"उकाडा आहे," वेनिंग म्हणाली.

दोघं एकमेकांकडे न बघता जेवायला गेले. जेवताना बापाक दोनदा तिच्याकडे पाहून थांबले. तिच्या लक्षात आलं की त्यांनाही संशय आला आहे, आणि तो कसला हे तिला नक्की सांगता येईना. तिने पाहिलं असेल, असा. किंवा तिच्या यंत्राने.

जेवण झालं, सगळे पेंडोपोत परतले आणि जे ती टाळत होती ते घडलं. पाक जुमिंगाननी हातोडी उचलली, सहावी वाजवली, पाचवी वाजवली, मान हलवली आणि सहावी उचकटून उलटी केली.

"अरे देवा," ते म्हणाले. "हे माइकचं काम नव्हे."

पट्टी हातोहात फिरली. बुलिक सार्मीने ती डोळ्यांजवळ धरली, वास घेतल्यासारखं केलं आणि सरळ उठून लेकाच्या पिशवीकडे गेली. पिशवी तिने उलटी केली. वायरी, सिगारेटी, एक मोजा आणि कानस खाली पडली.

"बुक!" सेत्यो आईवर ओरडला. "ती स्टँडच्या पायाला आणलीय! पाय डुगडुगतो!"

"तुझीच अक्कल डुगडुगते. इतके दिवस हे घासा, ते घासा, कान किटले माझे. कुणी ऐकेना म्हणून स्वतःच बसलास घासत? आजोबांच्या वाद्याला? माफी तरी मागितलीस का?"

"मी हात लावला नाही!"

"मग काय झुरळाने लावला?"

सेत्यो उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ऐका सगळे. मला हे घासलेलं हवं होतं. आजही हवं आहे. लग्नात मला एकट्याने की-बोर्ड बडवायचा कंटाळा आलाय, मला तुम्ही सगळे सोबत हवे आहात. पण मला ते पाकदेंच्या तोंडून हो ऐकून हवं होतं. चोरून घासायचं असतं तर आत्तापर्यंत सगळा संच घासून झाला असता, वाद्यं ठेवायच्या खोलीची किल्ली आमच्याच घरात असते." त्याने वायर गुंडाळायला सुरुवात केली. "दुसरा ढोलवाला बघा."

बापाक गाँगपाशी बसले होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि उजव्या अंगठ्याच्या नखाकडेला पिवळं काहीतरी होतं. ते फक्त वेनिंगलाच दिसत असावं, किंवा फक्त तिलाच त्याचा अर्थ कळत असावा.

"ए मिक्सरवाली," बुलिक तिच्याकडे वळली. "घरभर इतक्या वायरी अंथरल्या आहेस. एकीने तरी चोर पकडला असेल ना? दुपारी चालूच होतं तुझं सगळं, दारातून हिरवे दिवे मी पाहिले."

सगळे वेनिंगकडे पाहू लागले. सेत्योसुद्धा वायर हातात धरून थांबला. बापाकनी मान वर केली. त्यांच्या नजरेत विनवणी नव्हती. इतक्या वर्षांत तिने त्यांची अशी नजर पाहिली नव्हती. परीक्षेचा निकाल लावलेल्या फळ्याकडे माणूस बघतो, तसे ते तिच्याकडे बघत होते.

नाही म्हणाली तर सेत्यो जाणार होता, आणि चोर म्हणून जाणार होता. हो म्हणून दुपारचा पट्टा ऐकवला तर ती कुजबूज आणि ते गुणगुणणं सगळ्या गावापुढे उघडं पडणार होतं.

"हो, आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "ऐकवते. आधी सगळे बसा. सेत्यो, तूही."

खोलीत जाऊन तिने मोठे स्पीकर खिडकीतून बाहेरच्या बाजूला वळवले. मग तिने कालचा पहिला भाग लावला, सगळे चॅनेल वर करून. सोलोची बटणं तिने एकेक करून तपासली. एकही दाबलेलं नव्हतं. पेंडोपोत कालचा क्याई रिरिस वाजू लागला, आणि आजचा गप्प बसून ऐकत राहिला. सारोन चालत होता आणि त्याच्या वर, जरा पुढे, जरा उंच, पनेरुस चमकत होता. उन्हात पाण्याचा पृष्ठभाग चमकतो तसा. भाग संपत आला तशी तिने सकाळचा दुसरा भाग त्याला जोडला.

सांधा आला. कुणाला सांगावं लागलं नाही. वरची चमक गेली. चाल तीच, माणसं तीच, पण वर झाकण पडल्यासारखं झालं.

"गेलं," पाक जुमिंगान म्हणाले.

"परत लाव," सेत्यो म्हणाला. त्याने वायर खाली ठेवली होती. "मबाक," त्याने थोरल्या मामेबहिणीला हाक मारली, "तो सांधा परत लाव."

तिने परत लावला. या वेळी ती मिक्सरकडे पाहत नव्हती. खिडकीतून बापाककडे पाहत होती. सांध्याशी त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्यांदा लावला तेव्हा सांधा यायच्या आधीच मिटले.

"अगं पण चोर कुठाय यात?" बुलिक म्हणाली. "हे तर नुसतं संगीत आहे."

"मी घासली," बापाक म्हणाले.

आधी कुणाला कळलंच नाही. बुलिक म्हणाली, "काय घासली?"

"सहावी. आज पहाटे. दुपारी पाचवीलाही कानस लावली, एकदाच. सेत्योचा काही संबंध नाही. त्याची माफी माग, सार्मी."

"मास, तुम्ही?" बुलिक भावाला म्हणाली. "तुम्ही कधी खिळासुद्धा ठोकला नाही."

"म्हणूनच," बापाक म्हणाले. त्यांनी अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताने चोळलं. "काल त्या हेडफोनात एकटा पनेरुस ऐकला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि सहावी वर होती. स्पष्ट वर होती. रात्रभर मी विचार केला. म्हटलं, म्हाताऱ्याची चूक राहून गेलेली दिसते, आणि मी ती इतकी वर्षं झाकून, फुलं वाहून सांभाळत बसलोय. खरं सांगू का, मला बरं वाटलं. त्यांना ऐकू न आलेलं एकदा तरी मला ऐकू आलं. मग वाटलं, गुपचूप नीट करून टाकू. कुणाला कळायच्या आत."

कुणी हसलं नाही. कानाचं आणि कानशीचं ते जुनं वाक्य सगळ्यांनाच पाठ होतं, आणि ते आपण किती वेळा म्हटलं हे प्रत्येक जण मनात मोजत असावा.

वेनिंग बाहेर आली. "बापाक, तुम्ही ऐकलंत ते चुकीचं नव्हतं," ती म्हणाली. "एकटी ती वर आहेच. मी तुम्हाला ती एकटी ऐकवायला नको होती."

"तू ऐकवलीस, घासली मी," ते म्हणाले. "दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नडुक."

"चढवता येईल ना परत?" पाक जुमिंगाननी विचारलं. "टोकांना घासून?"

"येईल. कालचा सूर वेनिंगकडे आहे. क्लातेनच्या वाद्यं घडवणाऱ्या लोहाराला बोलावू, तो त्याला ऐकवून चढवील. मी हात लावणार नाही."

सेत्यो अजून उभाच होता. त्याने आईकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग मामाकडे. "पाकदे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ होता, पण प्रश्न तोच होता. "मग बाकीच्यांचं काय? लोहार येणारच आहे तर विचारतो. सगळी लग्नं हातची चाललीत. मला आज एक काय ते सांगा. भात निघू दे म्हणू नका. भात निघालाय."

बुलिकने त्याला गप्प करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. तिलाही ऐकायचं होतं. बापाकनी गाँगच्या चौकटीला धरलं आणि उठून उभे राहिले. त्यांनी नेहमीसारखं बाहेर शेताकडे पाहिलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "क्याई रिरिस की-बोर्डशी जुळवायचा नाही. लग्नं मिळोत न मिळोत. तुझ्यासाठी दुसरा लोखंडी संच घेऊ, तो हवा तसा घास, मी सोबत वाजवायला येईन. पण हा आहे तसाच राहील. नाही म्हणजे नाही, सेत्यो."